९ कोटी ओळी उडवल्या, तरी टेबल फुगतंच आहे

अर्धवट_जॉइन | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावतो. तपशील आधीच दिलेले बरे, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "आवृत्ती कोणती?" यातच जातात.

डेटाबेस पोस्टग्रेस १४. 'घडामोडी' नावाचं एक टेबल आहे. कुणी कधी लॉगिन केलं, काय बदललं, कुठलं बटण दाबलं, सगळं त्यात पडतं. रोज साधारण ३ लाख ओळी. आजवर कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे १२ कोटी ओळी साठल्या. टेबल ५४ जीबी, चार इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या सूची) मिळून २२ जीबी, डिस्क २०० जीबी. वरून आदेश आला की शेवटचे १०० दिवस ठेव, बाकीचं उडव. म्हणजे ३ कोटी ठेवायच्या, ९ कोटी काढायच्या.

मी सावधपणे केलं (असं मला वाटत होतं). आधी 'हटवायची' असा बूलियन (हो/नाही) कॉलम जोडला. जुन्या ९ कोटी ओळींवर खूण केली, मोजणी जुळवली, साहेबांना दाखवली, आणि मग खूण केलेल्या ओळी डिलीट केल्या. दोन्ही कामं ५०-५० हजारांच्या तुकड्यांत, रात्रीची. गेल्या बुधवारी काम संपलं.

आज पाहतो तर टेबल ९५ जीबी, इंडेक्स ३९ जीबी. डिस्क ५९ टक्क्यांवर होती ती ८८ वर गेली आहे. मोजणीची क्वेरी बरोबर ३ कोटी आणि वर थोडं सांगते, पण उत्तर द्यायला आधीपेक्षा जास्त वेळ घेते. काढलं तरी वाढलं कसं?

---

इनोदी | सोमवार, रात्री ११:०३

मी डाएट सुरू केलं तेव्हा माझंही नेमकं हेच झालं होतं. ह.घ्या. (हलकेच घ्या)

---

घुबड | सोमवार, रात्री ११:३१

पोस्टग्रेसकडे खोडरबर नाही. शाईपेनाने लिहिलेली वही समजा. ओळ डिलीट केली की तो तिच्यावर बारीक अक्षरात लिहितो, "अमुक ट्रान्झॅक्शनपासून (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यापासून) ही रद्द". ओळ जागच्या जागी राहते. कारण त्याच क्षणी दुसरं कुणी तरी आधी सुरू केलेली क्वेरी चालवत असेल, तर त्याला ती ओळ दिसायलाच हवी. पुढे कुणालाच ती लागत नाही अशी खात्री झाली की व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा सफाईवाला, येतो आणि ती जागा पुन्हा वापरायला मोकळी करतो.

अपडेटही तसंच. जुनी ओळ रद्द, नवी ओळ मोकळ्या जागेत, जागा नसेल तर वहीच्या शेवटी. तुम्ही एक बूलियन बदललात, पण त्यासाठी पूर्ण ओळ नव्याने लिहिली गेली. ८ केबीची पानं आधीच गच्च भरलेली, त्यामुळे नवी प्रत त्याच पानावर बसली नाही आणि चारही इंडेक्समध्ये तिची वेगळी नोंद झाली.

हिशेब करा. १२ कोटींना ५४ जीबी, म्हणजे ९ कोटींना साधारण ४०. ५४ अधिक ४० झाले ९४, आणि मधल्या दिवसांतल्या नव्या ओळींचा वरचा एक. तुमचे ९५ तंतोतंत जुळले. इंडेक्सचंही तेच: २२ चे पाऊण म्हणजे साडेसोळा, बेरीज साडेअडतीस. टेबल डिलीटने फुगलं नाही, डिलीटच्या आधीच्या खुणेने फुगलं.

ऑटोव्हॅक्यूम चालू आहे ना? मेलेल्या ओळी टेबलाच्या २० टक्के अधिक ५० झाल्या की तो आपणहून जागा होतो.

---

खडूस | सोमवार, रात्री ११:४४

खूण करायची गरज काय होती? तारखेचा कॉलम आहे ना टेबलात? साहेबांना दाखवायला मोजणीची एक क्वेरी पुरली असती. अगदीच यादी हवी होती तर प्रायमरी की (प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख) वेगळ्या टेबलात टाकायच्या. ९ कोटी ओळी मारण्याआधी त्यांना टिळा लावत बसलात.

---

नवशिकी | मंगळवार, सकाळी ८:१०

बाळबोध प्रश्न असेल तर माफ करा. डिलीटऐवजी ट्रंकेट का नाही वापरलं? ते पटकन होतं असं वाचलंय.

---

घुबड | मंगळवार, सकाळी ८:२६

पटकन होतं, कारण ते ओळी बघतच नाही, सगळं टेबल एका फटक्यात रिकामं करतं. 'फक्त जुन्या' असं त्याला सांगता येत नाही. यांना ३ कोटी ठेवायच्या होत्या.

वापरणार असाल तर एक लक्षात असू द्या. पोस्टग्रेसमध्ये बिगिन करून (ट्रान्झॅक्शन उघडून) ट्रंकेट मारलं तर रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेता येतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ट्रंकेट स्वतःच कमिट (पक्कं) करून टाकतं. एकीकडची सवय घेऊन दुसरीकडे गेलेले लोक मी रडताना पाहिले आहेत.

---

अर्धवट_जॉइन | मंगळवार, दुपारी १:१५

घुबडराव, हिशेब वाचून अंगावर काटा आला. खडूसजी, मान्य आहे. पान्हा मिळाला तर हातोडा कशाला, एवढं कळायला हवं होतं.

पण ऑटोव्हॅक्यूम चालू आहे. नुसता चालू नाही, या टेबलावर दिवसरात्र फेऱ्या मारतोय. मग मी हाताने व्हॅक्यूम व्हर्बोज चालवून पाहिला. तासाभराने त्याने जे सांगितलं त्यातली कामाची ओळ अशी:

काढल्या ०, उरल्या सुमारे २१ कोटी, त्यातल्या सुमारे १८ कोटी "डेड रो व्हर्जन्स कॅनॉट बी रिमूव्ह्ड येट" (मेलेल्या, पण अजून काढता येत नाहीत)

१८ कोटींचा हिशेब मला आता लागतो: खुणेआधीच्या ९ कोटी प्रती आणि खुणेनंतरच्या ९ कोटी. पण काढल्या शून्य?

---

जुनी_वही | मंगळवार, दुपारी २:०२

ही ओळ दिसली की व्हॅक्यूमची सेटिंग्ज चाचपत बसायचं नाही. व्हॅक्यूम काम करायला तयार आहे, त्याचा हात कुणी तरी धरून ठेवलाय. मेलेली ओळ तेव्हाच काढता येते जेव्हा ती मरण्याआधी सुरू झालेलं एकही ट्रान्झॅक्शन उघडं नसतं. कुठे तरी एक जुनं ट्रान्झॅक्शन जिवंत आहे आणि पोस्टग्रेस त्याच्यासाठी १८ कोटी प्रेतं सांभाळून बसलंय.

सगळ्यात आधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (चालू कनेक्शनांची यादी) उघडा, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं त्यानुसार क्रम लावा, सर्वांत जुनं वर घ्या. नव्वद टक्के वेळा चोर तिथेच सापडतो. नाही सापडला तर रेप्लिकेशन स्लॉट पाहा. एखादी रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) कायमची बंद केली आणि स्लॉट तसाच राहिला असं होतं, आणि मग डब्ल्यूएएलही (बदलांची नोंदवही) साठत जातो. तिथेही नसेल तर प्रीपेअर्ड ट्रान्झॅक्शन (तयार करून ठेवलेलं, पण कमिट न झालेलं). आणि रेप्लिकेवर हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकेने 'या ओळी मला अजून लागतायत' असं कळवणं) चालू असेल तर तिथली लांबलचक रिपोर्टची क्वेरी इथला व्हॅक्यूम अडवते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनीही नसतं.

---

अर्धवट_जॉइन | मंगळवार, दुपारी २:४०

सापडला.

पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक): २३११८
स्थिती: आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं)
ट्रान्झॅक्शनचं वय: ११ दिवस आणि काही तास
शेवटची क्वेरी: 'सेटिंग्ज' टेबलातल्या एका ओळीचं अपडेट
यूजर: मी

हो, मीच. सर्व्हरवरच्या स्क्रीन सेशनमध्ये. टीममध्ये सगळ्यांना "आधी बिगिन, मग अपडेट, मोजणी जुळली तरच कमिट" असं बजावून सांगणारा मीच. बिगिन केलं, एक ओळ बदलून पाहिली, तेवढ्यात कुणी तरी मीटिंगला ओढून नेलं, आणि सेशन तसंच राहिलं. खूण करायला सुरुवात केली ती त्यानंतरच्या रात्रीपासून.

---

इनोदी | मंगळवार, दुपारी २:४३

काखेत कळसा, ९५ जीबीचा वळसा.

---

खडूस | मंगळवार, दुपारी २:५०

मी काही बोलत नाही.

---

जुनी_वही | मंगळवार, दुपारी ३:३५

होतं हो. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी हेच करून सुट्टीवर गेले होते.

एक बारकावा सांगते, कारण यावर बरेच वाद होतात. नुसतं बिगिन आणि एक सिलेक्ट मारून सोडून दिलं असतं, तर नेहमीच्या रीड कमिटेड पातळीला एवढं अडलं नसतं. तिथे प्रत्येक क्वेरी संपली की तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा कसा दिसतो याचं चित्र) सुटतो. तुम्ही अपडेट केलंत, त्यामुळे त्या ट्रान्झॅक्शनला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक चालू असेपर्यंत त्यापुढचं सगळं "कदाचित लागेल" या खात्यात जातं. रिपीटेबल रीड (अख्ख्या ट्रान्झॅक्शनला एकच स्नॅपशॉट) असतं तर नुसत्या सिलेक्टनेही हेच झालं असतं. बॅकअप घेणारं पीजी_डंप अख्खा वेळ तसाच चालतो.

आता तो पीआयडी टर्मिनेट करा. सेटिंग्जमधला बदल रोलबॅक होईल, हवा असेल तर परत करा. आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट म्हणून एक सेटिंग आहे, मुळात शून्य म्हणजे बंद असतं. दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

मग व्हॅक्यूम हाताने चालवा, ऑटोव्हॅक्यूमवर सोडू नका. तो मुद्दाम थांबत थांबत चालतो. हाताने चालवलेल्याला ती विश्रांती मुळात नसते. चालवण्याआधी त्या सेशनपुरती मेंटेनन्स वर्क मेमरी १ जीबी करा. कारण असं: व्हॅक्यूम मेलेल्या ओळींचे पत्ते मेमरीत गोळा करतो, मेमरी भरली की थांबतो, सगळे इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत धुंडाळून ते पत्ते खोडतो, मग पुढे जातो. १७ च्या आधीच्या आवृत्त्यांत एका पत्त्याला ६ बाइट लागतात. मुळातल्या ६४ एमबीत सव्वा कोटीही मावत नाहीत. तुमच्या १८ कोटींसाठी ३९ जीबीचे इंडेक्स सतरा वेळा वाचले जातील. १ जीबीत ते दोन फेऱ्यांत संपेल. त्याहून जास्त दिली तरी १४ मध्ये उपयोग नाही, तो १ जीबीवरच थांबतो.

---

दुसरं_मत | मंगळवार, संध्याकाळी ६:१२

म्हणूनच आम्ही मायएसक्यूएल वापरतो. तिथे ही व्हॅक्यूमची भानगडच नाही.

---

घुबड | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

भानगड आहे, नाव वेगळं आहे. इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) जुन्या प्रती टेबलात न ठेवता अंडू लॉगमध्ये ठेवतो, आणि पर्ज नावाचा धागा (हा धागा नव्हे!) मागून साफ करत येतो. ११ दिवस उघडं ट्रान्झॅक्शन तिथेही पर्जला अडवतं. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये हिस्टरी लिस्ट लेन्थ (साफ व्हायच्या राहिलेल्या कामाची रांग) कधी पाहिली आहे का? ती लाखांच्या घरात गेली की क्वेरी रांगायला लागतात.

आणि ९ कोटी ओळी उडवल्यावर आयबीडी फाइलही (टेबल जिच्यात असतं ती) आपोआप लहान होत नाही. ऑप्टिमाइझ टेबल चालवावं लागतं, आणि इनोडीबीत त्याचा अर्थ टेबल नव्याने बांधणं हाच आहे. म्हणजे जागा हवीच.

---

दुसरं_मत | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

हिस्टरी लिस्ट लेन्थ आत्ता पाहिली. प्रतिसाद मागे घेतो. थोड्या वेळाने येतो.

---

अर्धवट_जॉइन | बुधवार, सकाळी ९:२०

वहीताई, दंडवत. पीआयडी मारला, सांगितल्याप्रमाणे व्हॅक्यूम चालवला. तीन तास दहा मिनिटं लागली. मेलेल्या ओळी: जवळजवळ शून्य. पाठोपाठ अ‍ॅनालाइझही केलं (टेबलाची आकडेवारी ताजी केली). तारखेवरची जी क्वेरी अख्खं टेबल चाळत होती ती पुन्हा इंडेक्सवर आली.

पण टेबलाची फाइल अजून ९५ जीबीच. डिस्क ८८ टक्केच. हे अपेक्षित आहे का?

---

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०:०५

अपेक्षित आहे. साधा व्हॅक्यूम आतली जागा मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही. अपवाद एकच: फाइलच्या शेवटची पानं सलग रिकामी असतील तर तेवढी शेपटी छाटतो.

तुमच्या फाइलचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीचे ४० जीबी जुन्या ओळींचे, आता रिकामे. मग साडेतेरा जीबी जिवंत. त्यापुढे ४० जीबी खूण केलेल्या प्रतींचे, तेही रिकामे. इथेच फाइल संपली असती तर व्हॅक्यूमने ४० जीबी तुमच्या पदरात टाकले असते. पण बुधवारनंतर आलेल्या नव्या ओळींना आत जागा मिळेना, कारण तेव्हा काहीच मोकळं झालं नव्हतं, म्हणून त्या अगदी टोकाला जाऊन बसल्या. शेवटच्या पानावर एक जिवंत ओळ असली तरी छाटणी थांबते.

आता फाइल लहान करायचीच का, हा वेगळा प्रश्न. पुष्कळदा उत्तर "नको" असतं. मोकळी जागा पुढच्या ओळी वापरतात. पण तुमच्याकडे ८० जीबी रिकामे आहेत आणि रोज ३ लाख ओळी येतात. एकही ओळ न काढता ते भरायला सहाशे दिवस लागतील, आणि तुम्ही तर जुन्या काढत राहणार. म्हणजे कधीच भरणार नाहीत. इथे लहान करणं योग्य.

---

घुबड | बुधवार, सकाळी १०:३०

मग व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबल नव्या फाइलमध्ये लिहून काढणं. पण त्याला टेबलाच्या दुप्पट जागा लागते, यांच्याकडे २४ जीबी शिल्लक आहे. बाद.

---

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०:४१

दुप्पट नाही. नवी फाइल फक्त जिवंत ओळींची बनते. ३ कोटी ओळींचे साडेतेरा जीबी आणि इंडेक्सचे पाच-साडेपाच. १९ जीबी. २४ मध्ये बसतं, पण तेवढाच डब्ल्यूएएल लिहिला जातो, आणि अर्काइव्ह किंवा रेप्लिका मागे पडली तर तो साठतो. मी एवढ्या काठावर उडी मारणार नाही. शिवाय व्हॅक्यूम फुल पूर्ण वेळ अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक धरतो. वाचणंसुद्धा बंद.

---

खडूस | बुधवार, सकाळी ११:१५

पीजी_रिपॅक आहे की. मागच्या मागे नवी प्रत बांधतं, बदल ट्रिगरने टिपतं, शेवटी अदलाबदल. प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स हवा. जागा तेवढीच लागते, पण लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी, क्षणभर.

त्या क्षणभराचीही गंमत सांगतो. एके ठिकाणी मी भर दुपारी एक साधा ऑल्टर टेबल मारला, कॉलम जोडायला. काही मिलिसेकंदांचं काम. पण त्या टेबलावर कुणाचा तरी चाळीस मिनिटांचा रिपोर्ट चालू होता. माझा ऑल्टर त्याच्यामागे रांगेत उभा राहिला. इथवर ठीक. पण माझ्या मागून आलेलं प्रत्येक सिलेक्ट माझ्यामागे रांगेत लागलं, कारण मी मागितलेला लॉक सगळ्यांना अडवणारा होता. रिपोर्टला कुणाचा त्रास नाही, ऑल्टर अजून सुरूही नाही, आणि अख्खी साइट बंद. मी पडद्याकडे बघत बसलोय की एवढ्याशा ऑल्टरला वेळ का लागतोय. तेव्हापासून आधी लॉक टाइमआउट दोन सेकंद, मगच ऑल्टर. नाही मिळाला लॉक तर हात हलवत परत यायचं, पाच मिनिटांनी पुन्हा जायचं.

---

नवशिकी | बुधवार, दुपारी १२:०५

मला एक कळलं नाही. जागाच कमी आहे तर ३९ जीबी इंडेक्समध्ये का अडकलेत? चारही इंडेक्स लागतात का?

---

अर्धवट_जॉइन | बुधवार, दुपारी १२:४८

नवशिकी, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे कुणीच विचारला नाही. पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये पाहिलं. 'ब्राउझरचं नाव' या कॉलमवरचा इंडेक्स, ११ जीबी, आजवर किती वेळा वापरला: ०. काढू?

---

जुनी_वही | बुधवार, दुपारी १:१०

नवशिकी, शाबास. काढण्याआधी दोन गोष्टी. तो युनिक नाही ना? युनिक इंडेक्स शोधायला वापरला नाही तरी नकला अडवायचं काम करत असतो, आणि ते काम या आकड्यात दिसत नाही. दुसरं, रेप्लिका असेल तर तिथेही आकडा पाहा. वापराची मोजणी प्रत्येक सर्व्हर आपापली ठेवतो. इथे शून्य असलेला इंडेक्स तिकडे सगळे रिपोर्ट ओढत असू शकतो.

दोन्हीकडे शून्य असेल तर ड्रॉप इंडेक्स कंकरंटली (बाकीची कामं न अडवता इंडेक्स काढणं). ड्रॉपची जागा लगेच परत मिळते, व्हॅक्यूमची वाट पाहावी लागत नाही.

---

अर्धवट_जॉइन | बुधवार, दुपारी ३:३०

युनिक नाही, रेप्लिकेवरही शून्य. काढला. ३५ जीबी मोकळी.

आता एवढं करतोच आहे तर सरळ महिन्यामहिन्याची पार्टिशनं (एकाच टेबलाचे वेगळे तुकडे) करावीत असं ठरतंय. म्हणजे पुढच्या वेळी डिलीटच नको, जुना महिना ड्रॉप केला की झालं. काही अडचण?

---

खडूस | बुधवार, दुपारी ४:०२

अडचण प्रायमरी कीची. पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलाच्या प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा कॉलम असावाच लागतो. म्हणजे नुसता आयडी चालणार नाही, आयडी अधिक तारीख. या टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की कुठे असेल तर आधी तिचं बघा.

फॉरेन कीवरून आठवलं. त्या बोट दाखवणाऱ्या कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स बनवत नाही. इनोडीबी बनवतो. नसेल, तर मुख्य टेबलातली एक ओळ डिलीट करताना दुसरं टेबल अख्खं चाळलं जातं. प्रत्येक ओळीसाठी. आमच्याकडे एकाने चाळीस हजार ओळींचं डिलीट लावलं आणि सकाळी आला तरी ते चालूच होतं.

---

अर्धवट_जॉइन | बुधवार, दुपारी ४:२०

नशिबाने या टेबलाकडे कुणी बोट दाखवत नाही. (माझ्याकडे सगळे दाखवतायत.)

---

दुसरं_मत | गुरुवार, सकाळी ९:४५

परत आलो. आमची हिस्टरी लिस्ट आता ताळ्यावर आहे, तो विषय नको.

अवांतर आहे, पण साफसफाईच चाललीये म्हणून विचारतो. नावांच्या टेबलात मराठी नावं आहेत, कॉलमवर युनिक लावलंय, तरी "गोऱ्हे" दोनदा दिसतं. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखी. असं कसं?

---

जुनी_वही | गुरुवार, सकाळी १०:३०

दिसायला सारखी, बाइटला वेगळी. मराठीतला हा अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर (यूनिकोड ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा 'र', खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). कीबोर्डागणिक वेगळं.

पहिले दोन यूनिकोडच्या दृष्टीने एकच आहेत. नॉर्मलाइझ करून एनएफसीत (यूनिकोडने ठरवलेल्या एका रूपात) आणले की एक होतात. पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. तिसरा मात्र नॉर्मलाइझ केला तरी वेगळाच राहतो, तो स्वतः शोधून बदलावा लागतो. आणि हे टेबलात शिरतानाच करा. नंतर नकला एकत्र करायच्या म्हणजे प्रत्येक नकलेच्या नावावर पडलेल्या नोंदीही हलवाव्या लागतात.

त्याचाच चुलतभाऊ: ओरॅकलमध्ये मजकुराचा कॉलम व्हारकॅर२ (२०) म्हणजे मुळात २० बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. म्हणजे सहा चिन्हं. "भालचंद्र" हे नाव मात्रा-अनुस्वार-हलन्त धरून आठ चिन्हांचं, २४ बाइट. बसत नाही.

---

इनोदी | गुरुवार, सकाळी १०:३४

आणि मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ८ मध्ये भालचंद्र बसतो, पण त्याच्यापुढचा स्मायली बसत नाही, कारण तो ४ बाइटचा. यूटीएफ८एमबी४ घ्या. हा इनोद नाही, खरं सांगतोय.

---

अर्धवट_जॉइन | पुढचा सोमवार, रात्री ११:२०

अपडेट द्यायला आलो. (कमिट करून आलो, काळजी नसावी.)

नवं पार्टिशनचं टेबल बनवलं, एकेका दिवसाच्या ओळी कॉपी केल्या, शनिवारी रात्री एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्यावर लॉक, उरलेल्या ओळी कॉपी, मग दोन्ही नावांची अदलाबदल. लॉक टाइमआउट लावला होता; दोनदा हात हलवत परत आलो, तिसऱ्यांदा मिळाला. सगळं मिळून चार सेकंद.

मग दोन ठिकाणी ठेच लागली. एक, रविवारी एका रिपोर्टमधले आकडे गोठलेले. तो रिपोर्ट एका व्ह्यूवरून (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) चालतो, आणि व्ह्यू टेबलाचं नाव लक्षात ठेवत नाही, आतला क्रमांक धरून ठेवतो. मी नाव बदललं तरी तो इमानाने जुन्याच टेबलाकडे बघत होता. व्ह्यू परत बनवला.

दुसरी ठेच लागता लागता राहिली. जुनं टेबल ड्रॉप करायला गेलो तर एरर: आयडीच्या सिक्वेन्सवर (पुढचा क्रमांक देणाऱ्यावर) नव्या टेबलाचा डीफॉल्ट अवलंबून आहे. खाली सूचना होती, कॅस्केड वापरा. बोट एंटरवर होतं. सिक्वेन्स जुन्या टेबलाच्या मालकीचा होता. कॅस्केड दिलं असतं तर टेबलासोबत तोही गेला असता आणि नव्या टेबलातला आयडीचा डीफॉल्टही. ऑल्टर सिक्वेन्स, ओन्ड बाय, करून मालकी नव्याकडे दिली, मग साधा ड्रॉप. डिस्क झटक्यात खाली.

---

खडूस | पुढचा सोमवार, रात्री ११:३२

एंटरच्या आधी थांबलास. प्रगती आहे. पार्टिशनं किती महिन्यांची केलीस?

---

अर्धवट_जॉइन | पुढचा सोमवार, रात्री ११:३५

मागचे चार आणि हा चालू. पुढची करेन सवडीने.

---

अर्धवट_जॉइन | १ तारीख, रात्री १२:०९

कुणी जागं आहे का? घडामोडीत एकही ओळ पडत नाहीये. लॉगमध्ये सेकंदाला चार वेळा एकच एरर: "नो पार्टिशन ऑफ रिलेशन फाउंड फॉर रो".

---

घुबड | १ तारीख, रात्री १२:११

महिना बदलला. नवं पार्टिशन बनवा, क्रिएट टेबल, पार्टिशन ऑफ, आजपासून पुढच्या १ तारखेपर्यंत. शेवटची तारीख त्यात धरली जात नाही, म्हणून ३० किंवा ३१ लिहू नका, १ च लिहा.

---

अर्धवट_जॉइन | १ तारीख, रात्री १२:१४

झालं. ओळी पडतायत. पुढचे बारा महिनेही आत्ताच करून टाकले. मधल्या चौदा मिनिटांच्या घडामोडी गेल्या.

---

नवशिकी | १ तारीख, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली आहे. डिस्क आता किती टक्के?

---

अर्धवट_जॉइन | १ तारीख, सकाळी ९:३०

३१.